बारा पोळ्या आणि पाव किलो भाजी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत डाएटवर लेख येतात ते मी आवडीने वाचते, पण सकाळी अ‍ॅव्होकाडो टोस्ट, दुपारी चिया सीड आणि रात्री किन्वा असं वाचलं की वाटतं हे नक्की कोणासाठी छापलंय. मी ठाण्याच्या नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवते. लोक काय खातात ते डॉक्टरांना सांगताना जरा सजवून सांगतात, माझ्या काउंटरवर मात्र खरं ते मागतात, त्यामुळे दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजते.

संध्याकाळची ठरलेली ऑर्डर म्हणजे बारा पोळ्या आणि पाव किलो भाजी. घरात माणसं किती विचारलं तर चार. म्हणजे माणशी तीन पोळ्या आणि भाजी साठ-बासष्ट ग्रॅम, तीही शिजवलेली, रस्सा धरून! त्यात बटाटा असेल तर पोरं खूश. आपल्याकडे भाजीला तोंडीलावणं म्हणतात आणि लोक ते अगदी मनावर घेतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम आणि धान्य २५० ग्रॅम असं गणित दिलंय, हे सगळं कच्चं वजन बरं का. म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर भाजी आली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना जरा सवलत देते, फळं आणि भाज्या मिळून ४०० ग्रॅम तरी खा म्हणते, पण त्यात बटाटा धरत नाही, त्यामुळे आपला बटाटावडा तिथेही बाद.

आता यात पोळी-भात सोडा असं कोणी सांगत नाहीये हे बघा. २५० ग्रॅम धान्य म्हणजे सकाळचे पोहे, डब्यातल्या तीन-चार पोळ्या आणि रात्रीचा भात मिळून सहज होतं. आपलं अडतं ते वरणावर आणि भाजीवर. वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो, आणि कडधान्याची उसळ आठवड्यातून एकदा, तीसुद्धा मिसळीत फरसाण घालून. मिसळीवर माझा राग नाही, ठाण्यात राहून तो परवडणारही नाही, पण मटकीची उसळ मिसळीशिवाय पण चांगली लागते एवढंच म्हणणं आहे.

ताटाची डावी बाजू तर गेल्यातच जमा आहे. लिंबू, चटणी, कोशिंबीर कोणी मागतच नाही. मी आधी कोशिंबीर पार्सल द्यायचे तर घरी पोचेपर्यंत तिला पाणी सुटायचं आणि लोक नाकं मुरडायचे, आता काकडी-गाजर चिरून मीठ न घालता देते, कूट वेगळा बांधते, तर जरा उठाव आहे. ते लिंबूही शोभेचं नव्हे, पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. उलट जेवल्या जेवल्या कटिंग मारला तर तेच लोह कमी शोषलं जातं, चहा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी लांब ठेवा असं पोषण संस्थाच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्ताने कमी निघाल्यात, आणि चहाचा कप जेवणाच्या ताटालाच लावून ठेवणाऱ्याही बहुतेक आम्हीच.

तेलाचं विचारूच नका. तवंग दिसला नाही की गिऱ्हाईक विचारतं, काय ताई आज तेल संपलं का. पोषण संस्थेच्या त्याच सूचनांत दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप आहे, म्हणजे चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर आणि त्यात तळणपण आलं, वडापावपण आला. घरी पाच लिटरचा कॅन किती दिवसांत संपतो ते ज्याने त्याने बघावं.

लोक आळशी आहेत म्हणून भाजी खात नाहीत असं मात्र मला वाटत नाही. ऐरोली-महापेवरून ट्रान्स हार्बर लोकलला लटकत आठ वाजता घरी आलेली बाई मेथीच्या दोन जुड्या कधी निवडणार, आणि निवडली तर ती शिजून होते केवढीशी. म्हणून पोळ्या वाढतात, त्या पोट भरतात आणि आयत्या मिळतात. निवडणं-सोलणं हे काम घरातल्या पुरुषांनी घेतलं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल, मॅच बघता बघता किलोभर मटार आरामात सोलून होतो, आमच्याकडे होतो. आणि दुसरं म्हणजे भाजी जवळ मिळायला हवी. आम्हाला जांभळी नाक्याचा बाजार जवळ आहे, गावदेवी मंडई आहे, पण घोडबंदर रोडला तीस-तीस मजले उभे राहिलेत आणि भाजीवाल्याला गेटच्या आत सोडत नाहीत, मोबाईलवर मागवलं तर वेफर्स दहा मिनिटांत हजर. महापालिकेने नवीन वस्तीत मंडईची जागा आधी दाखवायला लावावी, आणि सोसायट्यांनी आठवड्यातून दोनदा तरी गाडीवाल्याला आत येऊ द्यावं.

पावसाळ्यात येऊरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोली अशा रानभाज्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. शेवळं खाजतात, काकडं म्हणजे आंबट रानफळं घालून करायची असतात हे त्याच सांगतात. लोक नुसते फोटो काढतात आणि पुढे जातात, नाहीतर दहा रुपयांसाठी घासाघीस करतात.

म्हणून एक विनंती. परदेशी बियांचे लेख छापा, हरकत नाही, पण दर शनिवारी एक छोटी चौकट द्या, वाशी मार्केटला या आठवड्यात कुठली भाजी जास्त आली, कुठली स्वस्त झाली आणि तिचं अर्ध्या तासात काय करता येईल. मी ती चौकट कापून काउंटरवर चिकटवीन, आणि त्या दिवशी तीच भाजी करीन.

आपली,
एक पोळीभाजी केंद्रवाली
नौपाडा, ठाणे (प.)