तोलाची परीक्षा नुसत्या उजेडात घेऊ नका, असं सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आभार चारचौघांत मानतोय, कारण कृत्रिम पायावरच्या माणसाचा तोल कसा तपासावा, याच्या तुमच्या सूचना आमच्यापुरत्या ठेवण्यासारख्या नाहीत. आम्ही युद्धानंतरची शांतता मोजणारे, तोलातलं आम्हाला कळत नव्हतं. श्रीलंकेच्या उत्तर भागातलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं. भूसुरुंगाने पाय गेलेली माणसं त्यानंतर गावात कितपत मिसळली, हा आमचा प्रश्न. शेतात जाता का, गावसभेला जाता का, देवळात जाता का, असं आम्ही विचारायचो. उत्तर ‘नाही’ आलं की त्याचा अर्थ भीती, अविश्वास, जुनं वैर असा लावायचो. त्या ‘नाही’मागे पावसाने निसरडा झालेला भाताचा बांधही असू शकतो, हे तुम्ही दाखवलंत. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते खोटं नाही.

तोल मोजण्याच्या बर्ग चाचणीला तुम्ही नावं ठेवली नाहीत. १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६ गुण. चाचणी भक्कमच आहे. पण ती सपाट जागी आणि बहुतेक लख्ख उजेडात होते. घोटा गेला की पाऊल कुठे आणि कसं टेकलंय ही जाणीवही गेली, मग तिचं काम डोळे करतात. असा माणूस दुपारी ५० गुण मिळवेल आणि रात्री परसात जाताना पडेल. म्हणून तुम्ही चार अवस्था जोडायला लावल्यात: कडक जमिनीवर डोळे उघडे, मग मिटून, फोमवर डोळे उघडे, मग मिटून, प्रत्येकी ३० सेकंद. सांभाळणाऱ्याने कृत्रिम पायाच्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं, कमरेच्या पट्ट्याजवळ हात ठेवून, पण पट्टा न ओढता. ओढला की तोल त्या माणसाचा राहत नाही, आपला होतो.

फोमवर आम्ही हमखास चुकलो असतो. गादीच्या दुकानातला मऊ तुकडा ७० किलोच्या माणसाखाली पार चेपतो आणि खाली उरते फरशीच. जाडी ६ सें.मी.च्या आसपास हवी आणि पूर्ण वजन पडल्यावरही तो दबायला जागा उरायला हवी. तुमचा दुसरा इशारा जास्त मोलाचा. दोन्ही पाय धड असलेला माणूस फोमवर डोळे मिटून डगमगला तर आतल्या कानावर संशय घेता येतो. इथे तसा थेट घेता येत नाही, कारण कृत्रिम घोटा स्वतःहून काहीच सावरत नाही. तरी कान विसरायचा नाही. ज्या स्फोटात पाय जातो त्याच स्फोटात कानाचा पडदा फाटू शकतो, आतल्या कानालाही इजा होऊ शकते. अंथरुणात कूस बदलताना गरगरतं का, हा एक प्रश्न आमच्या पन्नास प्रश्नांत नव्हता. आता पहिल्या पानावर आहे.

उठून चालण्याच्या चाचणीत ४६ सें.मी. उंचीची हाताची खुर्ची, ३ मीटर जाऊन वळून परत येणं, आधी एक सराव फेरी. गुडघ्याखाली पाय गेलेल्यांना १९ सेकंद किंवा जास्त लागले, तर वारंवार पडण्याची जोखीम मोठी. एवढं पुस्तकात सापडतं. वाळूच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात, बैठक खाली जाते आणि सेकंद उगाच वाढतात, म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा टाका, हे पुस्तकात नाही. तसंच वेळेचं. दिवसभरात पायाचा उरलेला भाग थोडा आक्रसतो, सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, सैल होतं आणि आतले मोजे वाढवावे लागतात. एकाची चाचणी सकाळी आठला आणि दुसऱ्याची संध्याकाळी घेतली, तर आपण तोल नव्हे, सॉकेटचा सैलपणा मोजतो. चाचणीची वेळ आणि मोज्यांची संख्या आता प्रत्येक कागदावर लिहितो.

चपलेचंही तुम्हीच बोललात. जयपूर फूट अनवाणी चालता यावं म्हणून घडवलेला. अनवाणी जुळवलेला हा पाय टाचेच्या बुटात घातला की नडगी पुढे झुकते आणि गुडघा वाकायला बघतो. उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात देवळात अनवाणीच जायचं असतं, त्यामुळे चाचणी दोन्ही प्रकारे घ्यायला हवी. तोल न जाता अमुक करता येईल का, असं विचारणाऱ्या आत्मविश्वासाच्या प्रश्नावलीतले बर्फाळ फुटपाथ आणि सरकता जिना तर तुम्ही हसतच खोडलेत. त्यांच्या जागी ओला बांध, विहिरीचा काठ, बसची पायरी आली. मात्र प्रश्न बदलल्यावर मूळ १६ प्रश्नांच्या आकड्यांशी तुलना करायची नाही, हा दमही दिलात. तो गरजेचाच होता.

भूसुरुंगबंदी करारात श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाला. बळींचे उपचार, पुनर्वसन आणि सामाजिक-आर्थिक पुनर्समावेश ही भाषा त्या करारातलीच. आमच्या विषयात अलीकडे शांततेची मोजपट्टी गावकऱ्यांनाच ठरवू द्यावी असं म्हणतात. आम्हाला ते पटतं. पण रात्री घराबाहेर पडता येणं ही शांततेची खूण धरली, तर बाहेर न पडणाऱ्याला विचारावं लागतं: माणसांची भीती की अंधाराची? हे दोन रकाने तुमच्यामुळे वेगळे झाले.

दोन वजनकाटे शेजारी ठेवून दोन्ही पायांवरचा भार बघायची तुमची युक्तीही वापरतोय. काट्यांची अदलाबदल करून पुन्हा नोंद घेतो. आमचा एक काटा दीड किलो जास्त दाखवत होता, हे त्यामुळेच कळलं.

तुमचे,
कागदावरची शांतता मोजणारे आम्ही सगळे