द्राक्षसल्ल्याचे व्हिडिओ, झाकलेली नापसंती आणि प्रतिक्रियांचा गोंगाट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेत फळासाठीच्या गोडी छाटणीला सुरुवात झाली की नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड, चांदवडच्या बागायतदाराचा दिवस बागेत जातो आणि रात्र मोबाईलवर यूट्यूब पाहण्यात जाते. डोळे फुटण्यासाठी काडीवर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग (लेप) केव्हा करावे, पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब फुटताना, पाऊस झाला तर डावणी या बुरशीजन्य रोगासाठी कोणते औषध घ्यावे, जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढनियंत्रकात घड बुडवताना, म्हणजे डिपिंगसाठी, प्रमाण किती ठेवावे, हे प्रश्न पूर्वी गावातल्या जाणत्या बागायतदाराला विचारले जात. आज त्यांची उत्तरे चॅनेलवर शोधली जातात. यात वाईट काही नाही, कारण मराठीत इतका तपशीलवार सल्ला घरबसल्या मिळण्याची सोय यापूर्वी नव्हती. मात्र तो सल्ला भरवशाचा आहे की घातक, हे प्रेक्षकाला कळण्याची साधने यूट्यूब कंपनीने एकेक करून काढून घेतली आहेत आणि उरलेली प्रतिक्रियांची जागाही निरुपयोगी होत चालली आहे. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या संकेतस्थळावर सुरुवातीला व्हिडिओला पाच ताऱ्यांपर्यंत गुण देता येत असत. २०१० मध्ये ती पद्धत जाऊन पसंती आणि नापसंती अशी दोन बटणे आली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून झाकण्यात आला. बटण आजही आहे, पण ते किती जणांनी दाबले हे फक्त चॅनेलचालकाला दिसते. लहान चॅनेलवर काही लोक ठरवून नापसंतीचा मारा करतात व त्यातून नवोदितांचा छळ होतो, हे कंपनीने दिलेले कारण खोटे नाही. गाणे, विनोद किंवा प्रवासवर्णनाच्या बाबतीत ते मला पटतेही. परंतु औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या व्हिडिओला हाच नियम लावणे अन्यायाचे आहे. वर्षातून दोनदा छाटणी करून एकदाच पीक घेणाऱ्या शेतकऱ्याने चुकीच्या अवस्थेत किंवा चुकीच्या प्रमाणात जीए दिले, तर घडाचे झालेले नुकसान त्या हंगामात भरून येत नाही. असा सल्ला अनेकांनी नाकारला आहे, एवढे जरी दिसले असते तरी पुढचा माणूस थबकला असता. या बदलाला खुद्द कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेल्या जावेद करीम यांनीही जाहीर विरोध केला होता आणि त्यासाठी त्यांनी संकेतस्थळावरील पहिल्यावहिल्या व्हिडिओखालील मजकूर बदलला होता. तरी निर्णय कायम राहिला.

दुसरा बदल फारसा चर्चिला गेला नाही, पण शेतीच्या दृष्टीने तो मला अधिक गंभीर वाटतो. पूर्वी चॅनेलचालकाला व्हिडिओच्या चित्रावरच टीप चिकटवता येत असे. १५ जानेवारी २०१९ रोजी जुन्या व्हिडिओंवरील अशा सर्व टिपा एकदम दिसेनाशा झाल्या. एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलून टाकता येत नाही, त्यामुळे बोलण्यात झालेली चूक किंवा नंतर बदललेली शिफारस कळवण्यासाठी या टिपेचा मोठा आधार होता. द्राक्षासाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपूर्वी पाळायचे दिवस वेळोवेळी बदलतात. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपात आढळले, तेव्हा निर्यातदार आणि बागायतदार दोघेही केवढ्या संकटात सापडले, हे जिल्ह्याने पाहिले आहे. जुना व्हिडिओ आजही नव्यासारखाच समोर येतो, आणि त्यातील औषध आता चालत नाही हे सांगणारी ओळ प्रतिक्रियांत कुठे तरी खाली पडलेली असते.

त्या प्रतिक्रियांची अवस्था काय आहे? ‘पहिली कमेंट माझी’, ‘कोणकोण आज बघत आहे’, ‘माझ्याही चॅनेलला सबस्क्राईब करा’ अशा ओळींची रांग, मधे औषधविक्रेत्याचे प्रतिनिधी म्हणवणाऱ्यांचे व्हॉट्सॲप क्रमांक, आणि चॅनेलचेच नाव व चित्र लावून ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे’ असे उत्तर देणारे ठग. तोतयांना आवर घालण्यासाठी २०२२ मध्ये सदस्यसंख्या लपवण्याची मुभा काढून घेण्यात आली आणि नावात वापरायच्या विशेष चिन्हांवर मर्यादा आली. हे पाऊल योग्यच होते. पण जातीवरून केलेली शिवीगाळ तशीच आहे. एखादी महिला बागायतदार थिनिंगचे (घडातील मणी विरळ करण्याचे) प्रात्यक्षिक दाखवत असेल, तर तिच्या कामाऐवजी दिसण्यावर लिहिणारे पुढे सरसावतात, आणि अनुभवी बाईने पुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊच नये असे वातावरण तयार होते. याची मला मनापासून चीड येते. ‘आमच्याकडे काळ्या जमिनीत हे प्रमाण जास्त झाले’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शेतकऱ्याचे वाक्य या गर्दीत कोणाच्या नजरेस पडणार? त्यातच २०१३ पासून प्रतिक्रिया केवळ तारखेप्रमाणे न दाखवता कंपनीच्या गणिताने वरखाली केल्या जातात. ‘सर्वांत नवीन’ हा पर्याय उपलब्ध आहे, पण तो निवडण्याची सवय फार थोड्यांना आहे.

चॅनेलचालकांनीही आपली जबाबदारी ओळखली पाहिजे. दुवे असलेल्या प्रतिक्रिया रोखणे, ठरावीक शब्द असलेला मजकूर तपासणीसाठी थांबवणे, एखादी उपयुक्त प्रतिक्रिया सर्वांत वर टाचून ठेवणे या सोयी त्यांच्या हाती आहेत. मात्र शब्दांची यादी करताना देवनागरी आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, दोन्ही त्यात घ्यावी लागतात, नाहीतर तीच शिवी लिपी बदलून आत येते. हे काम एकेका शेतकऱ्यावर न सोपवता कंपनीने मराठीसाठी नीट उभे केले पाहिजे, अशी माझी मागणी आहे. त्याचबरोबर शेती, आरोग्य आणि शिक्षण या विषयांपुरते तरी नापसंतीचे प्रमाण पुन्हा दाखवावे. आपल्याकडील २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. या अधिकाऱ्याच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी केंद्राने अपील समित्याही नेमल्या आहेत. शेतकरी संघटनांनी वैयक्तिक संतापात वेळ न घालवता या मार्गाने लेखी तक्रारी कराव्यात.

याहून लवकर होण्यासारखी एक गोष्ट जिल्ह्याच्या हातात आहे. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. या संस्थांतील तज्ज्ञांनी छाटणीपासून काढणीपर्यंतच्या काळात बागायतदार सर्वाधिक पाहतात अशा मराठी व्हिडिओंवर संस्थेच्या अधिकृत खात्यातून दुरुस्ती नोंदवावी, आणि चॅनेलचालकांनी तीच प्रतिक्रिया वर टाचून ठेवावी. त्यासाठी नवा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. आठवड्यातून काही तास देणारा एक जाणकार माणूस लागतो. जिल्हा कृषी विभागाने येत्या ऑगस्टअखेरपर्यंत अशी नेमणूक करावी, म्हणजे गोडी छाटणीपासूनच तिचा उपयोग होईल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार वाचक,
नाशिक