पायीची वहाण : आरोग्यमंत्र्यांना एक खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रुग्णवाहिकेवरच्या माणसांच्या पायातले बूट

महोदय,
स. न. वि. वि.

विषय वाचून आपल्या कार्यालयात कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. औषधं, खाटा, डॉक्टरांची रिक्त पदं असे ढीगभर प्रश्न असताना ही बाई बुटांचं काय घेऊन बसली? मी बीएएमएस आहे. नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, त्यातली सहा कोकणात. बाकीच्या प्रश्नांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बुटांवर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

एका जुलैमधली गोष्ट सांगते. रात्री अडीचचा कॉल. घरीच बाळंतपण झालेलं, बाळ रडलेलं, पण वार पडलेली नाही आणि रक्त थांबत नाही. गाडी रस्त्यावर उभी केली. खाली घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, शे-सव्वाशे पायऱ्या, सगळ्यांवर शेवाळ. आशाताई बॅटरी घेऊन पुढे, मी मागे, पायलट, म्हणजे गाडीचा चालक, स्ट्रेचर घेऊन शेवटी. पडवीत पोचले तर आजी म्हणाल्या, "बूट भायेर काढून ये गो बाय." सारवलेली जमीन, तिच्यावर तासाभराचं बाळ. त्यांचं काय चुकलं? मी वाकून चिखलात भिजलेल्या नाड्या सोडल्या, बूट पडवीत ठेवले, आत गेले. सलाईन लावली, पोट चोळलं, इंजेक्शन दिलं. निघताना नाड्या बांधायला कुणाला वेळ असतो? अनवाणीच स्ट्रेचरचं एक टोक धरून वर चढले. निम्म्यात जांभ्याची कड तळव्यात घुसली. गाडीत बसल्यावर फरशीवर जे रक्त होतं, त्यातलं थोडं माझंही होतं.

त्या ताई वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा दीर माझे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. नाड्या एकमेकींना बांधलेल्या. तेव्हापासून मी बाजूला चेन असलेलेच बूट घालते. एका ओढीत निघतात, एका ओढीत चढतात. बुटांच्या जागतिक मानकांत आगीचा, ॲसिडचा, तेलाचा विचार केलेला आहे. उंबऱ्याबाहेर बूट काढायला सांगणाऱ्या आजीचा विचार आपल्यालाच करावा लागेल.

आता मुद्द्यावर येते. आपल्या राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हाच्या ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या. शेजारच्या बऱ्याच राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो. ही आपली जमेची बाजू, आणि ती मी अभिमानाने सांगते. दोनच पाळ्या धरल्या तरी गाडीमागे चार माणसं, म्हणजे पावणेचार हजारांच्या आसपास जोड पाय. एवढ्या पायांसाठी खरेदी करायची झाली, की कागदावर बहुतेक ठिकाणी एवढंच असतं : 'बूट, काळे'. फार तर 'सेफ्टी शूज'.

'सेफ्टी शूज' म्हटलं की साहेबलोकांच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला, बोटांवर लोखंडी टोपी असलेला बूट येतो. हेतू चांगला असतो, पण आमच्या कामाला तो बूट चुकीचा आहे. कारण सांगते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची तर जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. गुडघे टेकले की पायाची बोटं मागे दुमडली जातात. लोखंडी टोपीची मागची कड नेमकी बोटांच्या मुळाशी रुतते. प्रशिक्षणात शिकवतात, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. गाडीवर आम्ही दोघं, त्यातला एक गाडी चालवतोय. बदलणार कुणाशी? आपल्या कार्यालयातल्या कुणीही तसा बूट घालून मंत्रालयाच्या फरशीवर पाच मिनिटं गुडघ्यांवर बसून पाहावं. पत्राचा अर्धा मजकूर तिथेच पटेल.

गंमत म्हणजे नवा शोध काही लावायचा नाहीये. भारतीय मानक आयएस १५२९८ मध्ये हे सगळं विभागून ठेवलेलं आहे. भाग २ चा बूट म्हणजे पुढच्या टोपीवर २०० ज्यूलचा आघात झेलणारा, भाग ३ चा १०० ज्यूलचा, आणि भाग ४ चा म्हणजे टोपी नसलेला, पण बाकी संरक्षण असलेला 'ऑक्युपेशनल' बूट. आम्हाला हा भाग ४ चा हवा. पायलट मंडळींतल्या काहींचं मत वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे सांगते. स्ट्रेचरचं चाक अंगठ्यावरून गेलेल्या माणसाला टोपी हवीच असते. त्यांना कंपोझिटच्या, म्हणजे धातू नसलेल्या टोपीचा द्या, तो लोखंडी टोपीपेक्षा हलका असतो. पण सरसकट नको.

बुटावर बारीक अक्षरांत खुणा असतात, त्या मागताना लिहाव्या लागतात. 'एसआरए' म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या टाइलवर घसरत नाही. 'एसआरबी' म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर घसरत नाही. दोन्ही चाचण्या उतरल्या की 'एसआरसी'. महोदय, ओली टाइल म्हणजे प्रत्येक सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, आणि रक्त सांडलेली गाडीची फरशी ही ग्लिसरीनच्या स्टीलची सख्खी बहीण. म्हणून 'एसआरसी'. 'पी' म्हणजे तळव्यातून खिळा आरपार जात नाही, साडेचार मिलिमीटर जाडीचा खिळा ११०० न्यूटन जोराने दाबून ही चाचणी करतात. म्हणजे एकशे दहा-बारा किलोंचा माणूस त्या खिळ्यावर उभा राहिल्यासारखं. अपघाताच्या जागी पत्रा आणि काचा तुडवताना याची किंमत कळते. यातही लोखंडी पत्र्याचा तळवा नको, कापडी थराचा घ्या, नाहीतर बूट वाकतच नाही आणि पाखाडी उतरताना फळीवर चालल्यासारखं होतं. मात्र कापडी थर खिळ्याला पुरतो, इंजेक्शनच्या बारीक सुईला पुरेलच असं नाही. सुया पांढऱ्या डब्यातच जायला हव्यात, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तसं लिहिलंय. पण घाटातल्या वळणावर, हलत्या गाडीत, एखादी सुटतेच आणि ती पडते वरून, पायावर. म्हणून वरचा भाग चामड्याचा किंवा तसा जाड हवा. आज रस्त्यावर बघाल तर आमच्यातले निम्मे लोक जाळीच्या स्पोर्ट शूजमध्ये असतात. हलके, स्वस्त, आणि सुई, रक्त, पाणी, सगळ्यांना दरवाजा उघडा. काही जण भोकाभोकांच्या रबरी चपला घालतात. त्यांच्याबद्दल बोलतच नाही.

एक गोष्ट आजवर कुठल्याही खरेदीच्या कागदात मी पाहिलेली नाही, ती म्हणजे बुटाची जन्मतारीख. कोकणात येण्याआधी मी एका खासगी रुग्णवाहिकेवर होते. तिथे आम्हाला कोरे करकरीत बूट मिळाले, खोक्यातले, कागदात गुंडाळलेले. तिसऱ्या आठवड्यात एका जिन्यावर पेशंट खाली आणताना माझ्या सहकाऱ्याच्या उजव्या बुटाचा तळवा टाचेपासून सुटला. हातात घेतला तर शिळ्या पावासारखा चुरा. तो पडता पडता भिंतीला टेकला म्हणून पेशंट वाचला. कारण नंतर कळलं. पॉलियुरेथेनचा तळवा दमट हवेत पाणी शोषून आतून सडतो, कुणी न घालता, खोक्यातल्या खोक्यात. ते बूट कित्येक वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून होते. बुटावर बनवल्याचं साल आणि तिमाही किंवा महिना छापलेला असतो, पाहणारा हवा. आपण औषधाची मुदत पाहूनच घेतो ना? बुटाचीही पाहा. एक वर्षापेक्षा जुना माल परत, एवढी एक ओळ पुरे. दमट जिल्ह्यांसाठी रबराचा तळवा मागितलात तर आणखी बरं. थोडा जड असतो, पण असा दगा देत नाही.

दमट जिल्हे म्हणते, कारण सबंध राज्याला एकच बूट हा हट्टही सोडायला हवा. इथे जून ते सप्टेंबर बूट वाळतच नाहीत. चामड्याला आज पाणी लागलं की परवापर्यंत ओलं, आणि तेरवा बुरशी. दिवसभर ओले मोजे म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. चिखल्या हे इथे विनोदाचं निमित्त असतं, पण कातडी फाटली की लेप्टोस्पायरोसिसला, म्हणजे उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाला, वाट मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने लेप्टो पाहिला. सिंधुदुर्गात भातशेतीच्या दिवसांत आम्ही तो दरवर्षी पाहतो. तो टाळायला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरणाऱ्या आमच्याच बुटात पाणी चुबुक चुबुक करतं. गमबूट हा उपाय नाही. त्यात घोट्याला आधार नसतो, आणि ओढा ओलांडताना वरून पाणी शिरलं की पायाला दोन बादल्या बांधल्यासारखं होतं. इकडे पाणी अडवणारा, घोट्याच्या वर येणारा बूट हवा आणि माणशी दोन जोड, एक पायात, एक वाळत. घोट्याच्या वर का, तर रात्री गवतातून जाताना फुरसं काही आवाज देऊन चावत नाही. आवाज देतं म्हणतात, पण पावसात ऐकू कुणाला येतो?

आणि चंद्रपुरात? तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी न शिरणाऱ्या बुटातून घामही बाहेर पडत नाही. तिकडच्या माझ्या मैत्रिणीला असा बूट दिलात तर ती तो खुर्चीखाली ठेवील आणि चप्पल घालील. बरोबरच करेल ती. तिला हवा खेळणारा बूट द्या.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जायला रस्ता नाही. पायथ्याशी रुग्णवाहिकांची रांग आणि माणसं पावसात, निसरड्या पायवाटेने वर. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेही त्याच वाटेने पायी वर गेले होते. त्या चढणीवर पायात काय आहे यानेच माणूस पोचणार की नाही हे ठरत होतं. आपल्या राज्यात अशा वाड्या आणि पाडे किती आहेत ते आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मापांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे बुटांची मापं सहापासून सुरू झाली. माझा डावा पाय पाच, उजवा साडेपाच. गाड्यांवर आम्ही बायका आता पुष्कळ आहोत, आणि पुरुषांचा सहाचा बूट म्हणजे बाईचा बूट नव्हे, टाच अरुंद असते, आत पाय खेळतो. दोन मोजे घालून काम भागवलंय मी. आपली म्हण आहे, पायीची वहाण पायीच बरी. म्हणीला म्हणायचंय वेगळंच, पण आमच्यासाठी ती शब्दशः खरी आहे. वहाण पायीच राहिली पाहिजे, पाखाडीत मागे नको.

तेव्हा मागणं एवढंच. पुढच्या वेळी गणवेशाची खरेदी निघेल तेव्हा 'बूट, काळे' या दोन शब्दांच्या जागी हे लिहा : आयएस १५२९८ भाग ४, आयएसआय चिन्हासह, एसआरसी, पी, बाजूला चेन, घोट्याच्या वर, धुता येणारा, एक वर्षाच्या आत बनवलेला, मापं चारपासून बारापर्यंत, पावसाच्या जिल्ह्यांत दोन जोड. ऑर्डर देण्याआधी दहा-वीस जोड वेगवेगळ्या जिल्ह्यांत महिनाभर घालायला द्या. मी आता घालते तसा जोड मला किरकोळीत २,७०० रुपयांना पडला. पावणेचार हजार माणसांचा एकेक जोड त्या भावाने धरला तरी कोटीच्या आसपास, घाऊक घेतलात तर त्याहून कमी. बनवून घ्यायचे तर संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ राज्याचंच आहे. कोल्हापुरी चपलेचं कौतुक आपण सगळेच करतो. त्याच हातांना हा बूट शिकवायला काय हरकत आहे?

आणि पाय मोजायला माणूस पाठवाल तर पाळी संपताना पाठवा. सकाळचा पाय बारा तासांनी तेवढाच राहत नाही. दोन्ही पाय मोजायला सांगा, मोठा असेल तो लिहून घ्यायला सांगा. आमच्या पायलटचा पंजा इतका रुंद आहे की अकराचा बूटही त्याला चावतो. गेले दोन पावसाळे तो पट्ट्यांच्या सँडलवर गाडी चालवतोय आणि तसाच पाखाड्या उतरतोय. त्याच्यापासून सुरुवात केलीत तर बरं होईल.

कळावे,
आपली विश्वासू,
रुग्णवाहिकेवरची एक डॉक्टर