सीपीयूसोबत पाठवलेले पत्र

ऐरोली, शनिवार रात्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मी तुमच्या मंद पडलेल्या कॉम्प्युटरचा सीपीयू, म्हणजे तो मुख्य डबा, मांडीवर घेऊन रिक्षात बसले, तेव्हा बाबा खिडकीत उभे होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते दृश्य आठवडाभर डोळ्यांसमोरून हललेले नाही. “तुम्हीच काहीतरी क्लिक केले असेल,” असे मी त्या दिवशी दोनदा म्हणाले. ते चूक होते, हे आधी लिहून टाकते. फोनवर मी घाईत बोलते आणि बाबा नुसते “बरं, बरं” म्हणतात, म्हणून हा कागद.

बाबा, “सुरू व्यवस्थित होतो, पण चहाचा कप संपेपर्यंत ढिम्म होतो,” हे तुमचे वर्णन किती अचूक होते, ते मला इथे कळले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून मी टास्क मॅनेजर उघडला, त्यात कॉम्प्युटरच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दिसते. दोन मिनिटांत डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर जाऊन तिथेच बसला. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, मात्र जवळजवळ रिकामा होता. डेस्कटॉप दिसला म्हणजे कॉम्प्युटर तयार झाला, असे नसते. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट, प्रिंटरचे सॉफ्टवेअर अशी मागची कामे त्यानंतरच एकदम सुरू होतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेत असते, पण तिच्यावरचे वाचणारे टोक एका वेळी एकाच जागी जाऊ शकते, त्यामुळे ते सगळ्यांसाठी इकडून तिकडे धावत राहते आणि तुमची एक्सेलची फाइल रांगेत शेवटी उभी राहते.

स्टार्टअपच्या यादीतले नऊ प्रोग्रॅम मी बंद केले आणि दोन अँटिव्हायरसपैकी मुदत संपलेला काढून टाकला. थोडाच फरक पडला. मग डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती पाहिली, तेव्हा खराब म्हणून बाद केलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, संख्या दोन दिवसांत वाढलेली दिसली. अशी डिस्क बिघडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते, म्हणून मंद होते, आणि एके दिवशी काहीच वाचेनाशी होते.

म्हणून मी तुम्हाला न विचारता ती बदलली. विचारायला हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु विचारले असते तर तुम्ही “चालतंय तोवर चालू दे” म्हणाला असता, आणि आप्पांच्या रेडिओच्या वेळी त्या वाक्याचे काय झाले ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. आता आत एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क आहे, तिच्यात फिरणारा कोणताही भाग नाही. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, हीसुद्धा 4 जीबीची 8 केली आहे. पैशांचा विषय कृपया काढू नका.

तुमचे काहीही हललेले नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या फायली त्याच जागी आहेत, अक्षरे तेवढीच मोठी आहेत, मराठी टायपिंगचा कीबोर्ड तोच आहे आणि आईचा पत्त्यांचा खेळ डाव्या कोपऱ्यातच आहे. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. माथेरानच्या सहलीचे अकरा फोटो त्या खराब जागेत होते, ते उघडत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच फोटोंच्या प्रती निळ्या अल्बममध्ये आहेत. अल्बम मला द्या, मी स्कॅन करून देईन. जुनी डिस्क टाकलेली नाही, माझ्या कपाटात आहे.

आई, आता तुझ्यासाठी, आणि रागावू नकोस. डिस्क बदलूनही पंधरा-वीस मिनिटांनी कॉम्प्युटर पुन्हा रेंगाळू लागला. उघडून पाहिले, तर प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा नमदा बसला होता आणि तापमान 95 अंशांपर्यंत चढत होते. इतके तापले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. धूळ शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाची, त्यात तुझा दोष नाही. पण तुझे क्रोशाचे कव्हर हवेच्या जाळीवर येत होते. ते इतके सुबक आहे की काढायला माझाही हात धजत नव्हता. रात्री कॉम्प्युटर बंद असताना ते खुशाल घाल.

पंखा मी जुन्या टूथब्रशने साफ केला. दिवाळीच्या आधी बाबा टेबलफॅनची पाती उतरवायचे आणि जाळीचे कोपरे माझ्याकडे द्यायचे, कारण माझी बोटे लहान होती. या वेळी बोटे मावत नव्हती, म्हणून काडीला कापूस गुंडाळला. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी नवी थर्मल पेस्ट लावल्यावर तापमान 65 च्या आसपास राहते आहे.

आता बाबा, पुढचे नीट वाचा. सीपीयू भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवायचा. आठवड्यातून एकदा ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करायचे, कारण विंडोज 10 मधला नेहमीचा शट डाउन आतली काही स्थिती तशीच जपून ठेवतो, रीस्टार्ट ती नव्याने उभी करतो. “तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे” असे पडद्यावर उगवले किंवा कोणी फोनवर सांगितले, तर काहीही दाबायचे नाही, मला फोन करायचा. आणि बँकेचे काम यावर करायचे नाही. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 आपला प्रोसेसर स्वीकारत नाही. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. तुमचे हिशेब माझ्यापेक्षा चोख असतात. पेन्शनचे पासबुक महिन्यातून एकदा माझ्या लॅपटॉपवर आपण दोघे मिळून पाहू. ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये एक दिघा गाव तेवढे स्टेशन आहे, आणि तरीही मी दोन-दोन महिने येत नाही.

उद्या दुपारी जेवायलाच येते. वायरी मी जोडेन, तुम्ही टेबलाखाली वाकू नका, कंबर सांभाळा. आई, फक्त आमटी-भात कर.

तुमची,
धाकटी

ता. क. क्रोशाचे कव्हर धुऊन पिशवीत वरच ठेवले आहे. प्रिंटरला ते बरोबर बसेल असे वाटते.