तारापूरचे दोन पैसे

मा. अणुऊर्जा राज्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. तारापूर अणुवीज केंद्राचे संच १ आणि २ कायमचे बंद झाल्यावर ते मोडीत काढण्याचा आराखडा, खर्च आणि वेळापत्रक मिळावं, असा माहितीच्या अधिकारात साधा अर्ज केला होता. एका कार्यालयाकडून गेल्या आठवड्यात दीड ओळीचं उत्तर आलं: प्रश्न काल्पनिक स्वरूपाचा आहे. १९६९ पासून समुद्रकाठी उभी असलेली अणुभट्टी काल्पनिक असेल, तर विजेची बिलंही काल्पनिकच समजायची का?

आधी पैशाचं बोलू. अणुविजेच्या दर युनिटमागे २ पैसे डीकमिशनिंगसाठी, म्हणजे केंद्र मोडीत काढण्यासाठी, बाजूला काढतात. हे दोन संच प्रत्येकी १६० मेगावॉटचे. वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालले तर सुमारे २२४ कोटी युनिट होतात, म्हणजे साडेचार कोटी रुपये. वर्षाचे! एवढ्यात हल्ली मुंबईत धड दोन फ्लॅट येत नाहीत. २०२० साली हे संच थांबवून गाभ्यातलं पाणी फिरवणारे पुनर्संचरणाचे पाइप बदलायला घेतले. युनिट नाही म्हणजे पैसेही नाहीत. भट्टी म्हातारी होत राहिली, गल्ला मात्र बंद राहिला.

अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठी बिग रॉक पॉइंट नावाची याच जातीची, पण फक्त ६७ मेगावॉटची भट्टी होती. १९९७ ला बंद झाली, २००६ पर्यंत जागा मोकळी झाली. खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर, आजच्या दराने ३००० कोटी रुपयांच्या पुढे. तारापूरच्या पेटीत एवढे जमायला साडेसहाशेच्या वर वर्षं लागतील. व्याज धरलेलं नाही, कबूल. महागाईही धरलेली नाही. आपल्याकडे मजुरी स्वस्त, म्हणून खर्च निम्मा धरा, तरी तीनशेच्या वर. सगळ्या केंद्रांचा निधी एकत्र असतो, असं आपले अधिकारी सांगतील. मग मोडायचीही सगळीच आहेत ना? आणि एवढं करूनही बिग रॉकचं जळकं इंधन सात कास्कमध्ये, म्हणजे किरणं अडवणाऱ्या जाड पिंपांत, तिथेच बसलं आहे, कारण न्यायला जागा नाही. आपल्याकडेही खोल भूगर्भातलं भांडार नाही.

तारापूरची भट्टी उकळत्या पाण्याची. इंधन असलेल्या गाभ्यात झालेली वाफ थेट टर्बाइनवर जाते, त्यामुळे टर्बाइन, कंडेन्सर, मधले पाइप सगळे दूषित धरावे लागतात. त्यात तारापूरला दुय्यम वाफ-जनित्रं होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्या, ती वापरातून वेगळी केली आणि ऐंशीच्या दशकात क्षमता २१० वरून १६० वर आली. मोडायच्या यादीत तीही आहेत.

मोडायचं म्हणजे बुलडोझर लावायचा नसतो. आधी इंधन काढून तलावात काही वर्षं थंड करायचं. मग पाइपांच्या आतला गंजाचा थर रसायनांनी धुवायचा. तो थर पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या मण्यांमध्ये अडकतो आणि रेझिन हाच नवा कचरा होतो. गाभ्याभोवतीचं स्टीलचं कवच पाण्याखाली कापायचं, कारण पाणी किरणंही अडवतं आणि धूळही. पण पात्याखालचा चुरा पाण्यात मिसळला की पाणी गढूळ होतं, कॅमेऱ्याला काही दिसत नाही, फिल्टर तुंबतात आणि काम थांबतं. तुंबलेला फिल्टर बदलायचा म्हणजे पुन्हा माणसाला किरणांचा डोस. वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने कापलं तर ती वाळूही पिंपात भरा. कापणाऱ्यांना आधी नकली सांगाड्यावर महिनोन्‌महिने सराव द्यावा लागतो. तो सांगाडा कोणत्या नकाशावरून बनवणार? साठच्या दशकातल्या, इंचांतल्या. त्यानंतर किती पाइप वळवले, कोणता व्हॉल्व्ह कुठल्या साली गळला, हे ज्यांना ठाऊक होतं ते कधीच निवृत्त झाले. त्यांना बोलावून, टेपरेकॉर्डर समोर ठेवून हे सारं उतरवून घ्यायला किती खर्च येतो? चहापाण्याचा. तेवढं तरी झालं आहे का?

सगळ्यात वाईट असतात फरशीखालच्या निचऱ्याच्या नळ्या. वरचं काँक्रीट तासून काढता येतं, पण नळीच्या सांध्यातून पाणी झिरपलं असेल तर ते खालच्या मातीत गेलेलं असतं. कुठवर गेलं, हे खणल्याशिवाय कळत नाही आणि अंदाजपत्रक तिथेच फुटतं.

थांबू या, असं सांगणारे तज्ज्ञ असतात. भट्टीच्या पोलादातला किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, पन्नास वर्षांत सातशेव्या हिश्शावर येतो. पटणारं आहे. पण निकेल-६३ ला निम्मं व्हायलाच शंभरेक वर्षं लागतात. शिवाय थांबणं म्हणजे कुलूप लावून घरी जाणं नव्हे. इलिनॉयमधली ड्रेस्डेन-१ ही भट्टी १९७८ ला बंद झाली. १९९४ च्या जानेवारीत तिच्या न तापवलेल्या इमारतीत पाण्याचा पाइप गोठून फुटला आणि तळघरात सुमारे दोन लाख लिटर पाणी साचलं. इंधन-तलावाला जोडलेला पाइप तसाच फुटला असता तर तलावच रिकामा होऊ लागला असता. तारापूरला थंडी नाही. खारं वारं आहे, सळया खायला.

आणि भंगार. कोबाल्ट-६० असलेलं भंगार बाहेर सोडायला मोकळीक द्यायची आंतरराष्ट्रीय पातळी ग्रॅममागे ०.१ बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आहे. एवढं बारीक मोजून हजारो टन लोखंड बाहेर सोडायचं आणि शेजारी बोईसरच्या एमआयडीसीत पोलाद वितळवणारे कारखाने. कोबाल्ट वितळला की पोलादात एकजीव होतो. किरणोत्सर्गी सीझियम उडून पोलादाच्या भट्टीच्या धुळीत जाऊन बसतो. शिशाच्या डब्यात बंद असलेला किरणोत्सर्गी स्रोत गेटवरच्या यंत्राला दिसेलच असं नाही. हे काल्पनिक वाटत असेल तर २००८ आठवा: फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडला आणि त्या पोलादाचा माग खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. २०१० ला दिल्लीत एका विद्यापीठाने १९८५ पासून पडून असलेलं किरणयंत्र लिलावात विकलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं आणि एक माणूस मेला. एक यंत्र सांभाळता आलं नाही, महोदय. इथे अख्खं केंद्र आहे.

वचन तुमचंच होतं: प्रत्येक केंद्राचा मोडणीचा आराखडा. डीकमिशनिंगची नियमावली १९९८ ची. २०१२ च्या अहवालात कॅगने (महालेखापरीक्षकांनी) लिहिलं की १३ वर्षं उलटूनही एकाही अणुवीज केंद्राकडे आराखडा नाही. त्यानंतर काय झालं हे विचारलं, तर वर सांगितलेली दीड ओळ. ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन अणुभट्टी ३१ डिसेंबर २०१० ला बंद झाली. तिचं काम कुठवर आलं हे मुंबईकराने कुठल्या नोटीस बोर्डावर वाचायचं?

दरम्यान २०४७ पर्यंत १०० गिगावॉटची घोषणा झाली. २०२५ च्या डिसेंबरात खासगी कंपन्यांना दार उघडणारा कायदाही झाला. उत्तम. कंपनी चाळीस वर्षं वीज विकेल, मग दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जाईल आणि भट्टी आमच्या नातवंडांच्या नावावर. या देशात नारळ फोडायला मांडव पडतो, कोनशिलेवर नाव कोणाचं यावरून भांडणं होतात. खाणी संपतात, खड्डे राहतात. कारखाने बंद होतात, गाळ नाल्यात राहतो. धरणं गाळाने भरतात. मोडण्याच्या कामाला कोनशिला नसते, म्हणून ते कोणाच्याच अजेंड्यावर नसतं. पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी तारापूरच्याच संच ३ आणि ४ साठी गावं सोडली. हे संच कधी हटणार आणि मागे काय ठेवून जाणार, ही तारीख त्यांना कोण देणार?

तर मागणं एवढंच. संच १ आणि २ चा आराखडा मराठीत, पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवा. निधीत आज किती रुपये आहेत आणि ते कुठे गुंतवले आहेत ते छापा. २ पैशांचा दर कुठल्या खर्चावरून काढला ती आकडेमोड द्या. संच बंद असतानाही निधीत भर पडेल अशी तरतूद करा. नव्या खासगी केंद्रांकडून मोडण्याची पूर्ण रक्कम पहिलं युनिट विकण्याआधी तारण घ्या. मोडणीच्या कामावर कंत्राटी मजूर घ्याल तेव्हा त्यांच्या डोसची नोंदवही त्यांच्या हातात द्या, ठेकेदाराच्या कपाटात नको.

उत्तर दीड ओळीचंही चालेल. त्यात एक आकडा आणि एक तारीख असावी.

आपला,
पालघर जिल्ह्यातला एक वीजग्राहक