जुनी मर्सिडीज उभी राहून खराब होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज आता तिशीची झाली. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) पुण्यातल्या आवारात ई-क्लास तयार होऊ लागली. हीच ती एकाच वायपरची, सरळ रेषांची डब्ल्यू १२४; पेट्रोलमध्ये ई २२० आणि डिझेलमध्ये ई २५० डी. एके काळी कारखानदारांच्या दारात दिसणारी ही गाडी आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत, कधी कधी त्याहूनही कमीत मिळते आणि हौशी तरुण ती घेतातही. जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘फक्त ६० हजार चाललेली, कायम गॅरेजमध्ये उभी.’ घेणारा नेमका त्यालाच भुलतो, म्हणून हे पत्र.

या गाडीचं इंजिन नीट ऑइल मिळालं तर तीन-चार लाख किलोमीटर सहज ओढतं. तिला मारतं ते वय. रबर कडक होतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, सील सुकतात. हे सगळं गाडी उभी असली तरी होत राहतं, किंबहुना जास्तच होतं. त्यामुळे सर्व्हिस रेकॉर्ड नसलेल्या ६० हजारांच्या गाडीपेक्षा बिलांची जाडजूड फाइल असलेली अडीच लाखांची गाडी मी कोणालाही डोळे झाकून सुचवेन.

ई २२० घेणाऱ्याने सर्वांत आधी बॉनेट उघडून इंजिनचं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बघावं. साधारण १९९३ ते ९५ च्या काळात या गाड्यांच्या इंजिनांना जे हार्नेस बसवलं गेलं, त्याच्या तारांवरचं आवरण पर्यावरणाला त्रास होऊ नये म्हणून लवकर विघटन होणाऱ्या प्लॅस्टिकचं होतं. इंजिनच्या उष्णतेने ते विघटन गाडीतच सुरू झालं. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन थंड असताना एका इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) प्लगवरची रबरी टोपी हळूच मागे सारा आणि आतली तार जराशी वाकवा. आवरण लवचिक राहिलं तर ठीक. बिस्किटासारखा भुगा हातात आला आणि आतलं तांबं उघडं पडलं, तर ते हार्नेस संपलेलं आहे. जिथे तारा एकमेकींना लागतात तिथे शॉर्ट होतो; गाडी मिसिंग मारते म्हणजे झटके देते, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होतं, आणि शेवटी इंजिनचा कंट्रोल युनिटच जळू शकतो. थ्रॉटलच्या अ‍ॅक्च्युएटरची वायरही त्याच मालाची आहे, तीही बघावी. हार्नेस आधी बदललं असेल तर त्यावर नंतरच्या तारखेचं लेबल सापडतं. ते दाखवायला सांगावं. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

इथे आपल्याकडच्या गॅरेजांची एक सवय फार घात करते. गाडी मिसिंग मारते म्हटलं की आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग एअर मास सेन्सर. बिल वाढत जातं आणि दोष तारेतच राहतो. वर काळी टेप गुंडाळली की आतली तार पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही. शिवाय या गाडीला हल्लीच्या गाड्यांसारखा दोष वाचायचा ओबीडी-२ सॉकेट नाही, त्यामुळे मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर इथे काही कामाचे नाहीत. तेव्हा मल्टिमीटर हातात घेऊन तार न् तार तपासणारा मेकॅनिक शोधावा, आणि तो सापडला की त्याच्या वेळेचे पैसे आनंदाने द्यावेत.

दुसरी गोष्ट कूलिंगची. रेडिएटरचं मधलं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. वरचा जाड होज (रबरी नळी) जिथे बसतो, ती प्लॅस्टिकची मान वीस-पंचवीस वर्षांत ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी चढावर सरळ तुटून होजबरोबर बाहेर येते. काही मिनिटांत कूलंट संपतं. तापमानाच्या मीटरवर लक्ष नसेल तर इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकडं होतं आणि हेड गॅस्केट जातं. म्हणून रेडिएटरचा इतिहास माहीत नसेल तर गाडी घेतल्याबरोबर रेडिएटर, वरचा-खालचा होज, ८७ अंशांचा थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या टाकीचं झाकण एकाच वेळी बदलावं. हे काम तुकड्यातुकड्याने केलं तर दर वेळी कूलंट आणि मजुरी दोन्ही नव्याने मोजावी लागतात.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. पुणे, नगर, सोलापूर भागातल्या पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. कंपनीच्या मान्यतेचं निळं-हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्यावं आणि दर तीन वर्षांनी बदलावं. आधीच क्षार बसले असतील तर सायट्रिक अ‍ॅसिडने सिस्टीम धुऊन काढावी, आणि अ‍ॅसिडचा अंश उरणार नाही इतक्या वेळा साध्या पाण्याने खळखळून घ्यावी. याच जोडीला रेडिएटरपुढचे इलेक्ट्रिक पंखे तपासावेत. एसी चालू असताना गॅसचा दाब वाढला की ते हळू फिरायला हवेत, आणि कूलंट साधारण १०५ अंशांपलीकडे गेलं की जोरात. ट्रॅफिकमध्ये एसी गार हवा देईनासा होतो आणि महामार्गावर पुन्हा ठणठणीत चालतो, तेव्हा गॅस भरायची घाई करू नका, आधी हे पंखे फिरतात का ते बघा. एसीचा कूलरच फुटला असेल तर मात्र अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम दोन-तीन दिवसांचं आहे. घाईत झालं की डॅशबोर्डची खडखड कायमची मागे लागते.

गंजाबद्दल मुंबई आणि कोकणातल्या वाचकांनी विशेष काळजी घ्यावी. या गाडीच्या दरवाज्यांखाली प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. त्यांच्या आड पत्रा सडत असतो आणि बाहेरून गाडी चकचकीत दिसते. पट्टीत जॅक लावायच्या जागी झाकणं असतात. चारही झाकणं काढा, टॉर्च मारा, आतल्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. तो आत गेला तर गाडी सोडून द्या, कारण तिथलं वेल्डिंग महागही पडतं आणि बहुतेकदा वरवरचंच होतं. तसंच पुढच्या काचेखालच्या खोलगट जागेत गुलमोहराची बारीक पानं साठतात. पाणी वाहून जायची भोकं बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी ब्लोअरच्या मोटरवर आणि पायाखालच्या गालिच्यात येतं. मे महिन्याच्या शेवटी बॉनेट सरळ उभं करून (ते नव्वद अंशांपर्यंत उघडतं, बाजूची कडी सोडवावी लागते) हा कचरा हाताने काढावा आणि मगभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का बघावं. सनरूफ असेल तर त्याच्याही कोपऱ्यातल्या नळ्यांचं असंच करावं. तारेने जोरात खुपसू नये, नळी आतल्या आत निसटते.

डिझेलवाल्यांचा त्रास वेगळा आहे. ई २५० डी चं पाच सिलिंडरचं इंजिन दणकट आहे, पण ते बंद होतं व्हॅक्यूमवर, म्हणजे बारीक नळ्यांतून हवा ओढली जाऊन. किल्ली फिरवूनही इंजिन गुरगुरत राहिलं तर डिझेल पंप बिघडला असं समजून तो उतरवायला देऊ नका. आधी रबरी जोड आणि बारीक प्लॅस्टिक नळ्या तपासा. सेंट्रल लॉक मात्र स्वतःच्या वेगळ्या विजेच्या पंपावर चालतं, त्याचा या दोषाशी संबंध नसतो. पण इंजिनच्या पुढच्या बाजूचा व्हॅक्यूम पंप जुना असेल तर तो उघडून बघणं टाळू नये. त्याच्या आतलं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनच्या कप्प्यात पडतात आणि चांगलं इंजिन एका क्षणात भंगारात जातं. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना तापणारे) पाच असतात; एक गेला की पाचही बदलावेत, कारण ते साधारण एकाच वयाचे असतात. ऑइल १५डब्ल्यू-४०, दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. गाडी वर्षभरात हजारच किलोमीटर चालली तरी वर्ष हे वर्षच.

बाकीचं थोडक्यात सांगतो. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याचं ऑइल (एटीएफ) आणि फिल्टर ५० हजार किलोमीटरच्या आत. या गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी इंजिन चालू आणि गरम असतानाच मोजायची. गिअर टाकताना किंवा पिकअप घेताना ‘टक्’ असा आवाज आला तर शाफ्टवरचे रबरी डिस्क आणि मधलं बेअरिंग बघावं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत. त्यांचा एखादाच रबरी बुश बदलून अलाइनमेंटला पाठवण्यात अर्थ नसतो, दोन्ही बाजू जोडीनेच कराव्यात. फ्यूज बंदुकीच्या गोळीसारखे असतात, पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. त्यांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काळवंडते आणि विजेचे विचित्र दोष येतात. तांब्याच्या पट्टीचा पूर्ण संच काही शे रुपयांत बसतो आणि निम्म्या तक्रारी मिटवतो. टायरचं नक्षीकाम शाबूत दिसलं तरी बाजूवरचा चार आकडी मजकूर वाचावा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नवे दिसतात आणि द्रुतगती मार्गावर फुटतात.

पार्ट मागवताना नावाने मागवू नये, नंबरने मागवावा. १२४ ने सुरू होणारा नंबर या बॉडीचा, १११ चा पेट्रोल इंजिनचा, ६०२ चा डिझेल इंजिनचा. बिलावर पार्ट नंबर लिहून द्यायला जे गॅरेज नकार देतं, तिथे गाडी सोडू नये.

आता पेट्रोलविषयी, कारण ही काळजी एकट्या मालकाने घेऊन भागण्यासारखी नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता ते सर्रास मिळतं. तीस वर्षांपूर्वीचे फ्युएल होज, पंपाचे सील, टाकीच्या तळाचा पत्रा हे या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीत हे पाणी मिश्रणातून वेगळं होऊन तळाशी बसू शकतं आणि तिथेच गंज धरतो. होज आतून फुगतो, त्याचे कण फिल्टरमध्ये आणि पुढे इंजेक्टरमध्ये जातात. ज्यांच्याकडे ई २२० आहे त्यांनी टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी होज काढून एसएई जे३० आर९ असा शिक्का असलेले बसवावेत, क्लॅम्पही नवे घ्यावेत, आणि पेट्रोल फिल्टर पहिल्या वर्षी दोनदा बदलावा. गाडी महिनाभर हलणार नसेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. गाडीतून पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी ती चालवूच नये.

इथेनॉलला माझा विरोध नाही. ऊस उत्पादकाच्या पदरात त्यातून चार पैसे पडतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. पण जुन्या गाड्यांसाठी मोठ्या शहरांत निदान काही पंपांवर कमी इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा एक नोझल ठेवावा आणि प्रत्येक नोझलवर मिश्रणाचं प्रमाण ठळक मराठीत लिहावं, एवढी मागणी रास्त आहे. आपल्या दैनिकाने ती लावून धरावी.

कागदपत्रांचंही बघायला हवं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, त्याच वेळी पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची नूतनीकरण फी ५ हजार रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ती १० हजारांवर गेली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या आलिशान सेडान स्वस्तात इकडे येतात. त्या घेण्याआधी एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने आहे ते वाचावं आणि इथे भरावा लागणारा कर विचारून घ्यावा. तो धरल्यावर ‘स्वस्त’ गाडीचा हिशेब बदलतो. विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. कंपनीने सुचवलेला पहिला आकडा मान्य करू नये, झालेल्या कामाची बिलं आणि फोटो जोडून बोलणी करावीत.

आणि ज्यांच्या बंगल्यात अशी गाडी कव्हरखाली उभी आहे, त्यांनी दर पंधरवड्याला ती बाहेर काढून किमान २५-३० किलोमीटर चालवावी. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं वाईट, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि ऑइल पुरेसं तापत नाही. एसी लावावा म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं, सगळ्या काचा एकदा खालीवर कराव्यात, आणि परत आल्यावर बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीतली पातळी बघावी.

आपला,
जुन्या गाड्यांचं काम करणारा एक वाचक
चिंचवड, पुणे