किनाऱ्यावरच्या आणि गोधडीच्या कामातल्या अनाम मदतनीसांचे आभार

या हिवाळ्यात समुद्रकिनाऱ्यालगतच्या दिवसभराच्या पदभ्रमंतीत आणि मधल्या काळात घरी चाललेल्या गोधडीच्या कामात ज्यांनी मला मदत केली, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. म्हणून हे आभार जाहीरपणे मानते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, ओहोटीनंतर साधारण ६ तास १२ मिनिटांत पाणी पुन्हा पूर्ण चढते, तेव्हा खडकाळ टोकाला वळसा पाणी उतरत असतानाच घाला, असे ज्या गृहस्थांनी आम्हाला थांबवून समजावले, त्यांचे ऋण मोठे आहे, कारण हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि अडकलेल्या माणसाला अंधारही लवकर गाठतो. शेवाळलेल्या खडकावर हात देणाऱ्या ताईंचेही आभार.

वरचे कापड, मधला थर आणि अस्तर आधी कच्च्या टाक्यांनी एकत्र धरून मध्यापासून कडांकडे शिवत जायला ज्या आजींनी शिकवले, त्यांच्यामुळे गोधडीला चुण्या पडल्या नाहीत. नवे सुती कापड धुऊन, आटवून मगच कापावे, हा त्यांचा आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो. आता फक्त कडेची पट्टी शिवायची राहिली आहे. आपणा सर्वांनी माझे मनःपूर्वक आभार स्वीकारावेत.